भुतंही विश्वास धरतात, मग माझा विश्वास वेगळा कसा?

तुझा प्रश्न मला जसा कळला तसा आधी मांडतो. घरात चौथी पिढी ख्रिस्ती, तान्हेपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण म्हणजे मंडळीपुढे विश्वासाची स्वतः दिलेली कबुली, कॉलेजात असताना युथ कॅम्पच्या शेवटच्या रात्री हात वर करून प्रार्थना म्हटलीस. येशू देवाचा पुत्र आहे, आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला हे सगळं तू मानतोस, कधी शंकाही आली नाही. आणि मग परवा याकोब २:१९ वाचलंस, की देव एकच आहे असं तू मानतोस, चांगलं आहे, पण भुतंही ते मानतात आणि थरथर कापतात. तेव्हापासून तुला चैन नाही. भुतांना जे माहीत तेच मलाही माहीत, मग तारणारा विश्वास म्हणजे नक्की काय, तो माझ्याकडे आहे का, आणि हे कळेपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, घ्यावं की नाही.

पहिलं सांगतो ते हे की असा प्रश्न पडला म्हणून घाबरू नकोस. माझं सगळं आयुष्य पाळक म्हणून मंडळीत गेलंय आणि खरं सांगू का, ज्यांना हा प्रश्न कधी पडतच नाही त्यांची मला जास्त काळजी वाटते. 

आधी भुतांचंच बघू कारण तुझं टेन्शन तिथूनच सुरू झालंय. मार्कचं शुभवर्तमान उघड. पहिल्याच अध्यायात कफर्णहूमच्या सभास्थानात अशुद्ध आत्मा लागलेला माणूस ओरडतो, तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे, देवाचा पवित्र तो तूच. पाचव्या अध्यायात ज्याच्यात भुतांचं सैन्य शिरलं होतं तो माणूस येशूला परात्पर देवाचा पुत्र म्हणतो. आणि शिष्य? पेत्राच्या तोंडून 'तू ख्रिस्त आहेस' हे यायला आठवा अध्याय उजाडतो. म्हणजे येशू कोण हे ओळखण्यात भुतं शिष्यांच्या किती तरी पुढे होती, संडे स्कूलची परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी मार्क. पण तेच भूत त्याच दमात अजून काय म्हणतं ते बघ, तुझा आमचा काय संबंध, तू आमचा नाश करायला आलास का. ती त्याला ओळखतात आणि ओळखूनही त्याच्यापासून लांब राहायला बघतात. त्यांच्या माहितीत कुठेच चूक नाही, पण त्यांना तो नकोय.

दुसरा फरक याहून मोठा आहे आणि उपदेशात तो फारसा ऐकायला मिळत नाही. इब्री लोकांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात, १६ व्या वचनात लिहिलंय की ख्रिस्त देवदूतांच्या मदतीला आला नाही, अब्राहामाच्या संतानाच्या, म्हणजे माणसांच्या, मदतीला आला. पडलेल्या देवदूतांसाठी कुणी वधस्तंभावर गेलं नाही. भुताला सगळी सुवार्ता तोंडपाठ असेल तरी 'हे माझ्यासाठी' असं म्हणायची सोयच नाही, कारण ते त्याच्यासाठी केलेलंच नाही. तुझ्यासाठी केलंय. तुझ्या आणि भुताच्या विश्वासातला फरक शोधताना तू तुझ्या मनाच्या तळाशी खणत बसलायस, आणि फरकाचा अर्धा भाग तर बाहेर आहे, देवाने तुला जे वचन दिलंय त्यात. भुताला घाबरून कापण्यापलीकडे दुसरं काही करता येत नाही. तुला कापत कापत का होईना, येशूकडे जाता येतं.

जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये १५६३ साली एक प्रश्नोत्तरी तयार झाली, रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट मंडळ्या ती आजही शिकवतात. तिचा २१ वा प्रश्न असाय की खरा विश्वास म्हणजे काय. उत्तरात दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे देवाने वचनात जे प्रकट केलं ते सगळं खरं आहे हे पक्कं ज्ञान, आणि दुसरी म्हणजे पवित्र आत्म्याने सुवार्तेच्या द्वारे मनात निर्माण केलेला भरवसा की पापांची क्षमा आणि तारण हे फक्त इतरांनाच नाही तर मलाही फुकट, निव्वळ कृपेने, ख्रिस्तामुळे दिलेलं आहे. त्यातल्या 'मलाही' वर बोट ठेव. सगळं प्रकरण तिथे अडतं आणि तिथेच सुटतं.

जुने शिक्षक विश्वासाचे तीन भाग सांगायचे, माहिती, मान्यता आणि भरवसा. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर मुलीचा बायोडेटा आला, वाचला, ही झाली माहिती. सगळं खरंय, चौकशी केली, घर चांगलं, मुलगी चांगली, पसंत आहे, ही झाली मान्यता. पण नुसत्या पसंतीने कुणाचा संसार होत नाही, लग्न लागावं लागतं, स्वतःला त्या माणसाच्या हाती द्यावं लागतं आणि त्याला आपलं म्हणावं लागतं. हा दाखला माझा नाही, जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर जी पुस्तिका लिहिली तिच्यात तो म्हणतो की वधू जशी वराशी तसा आत्मा विश्वासाने ख्रिस्ताशी जोडला जातो, आणि मग जे तिचं ते त्याचं आणि जे त्याचं ते तिचं. तिचं पाप, मरण, कर्ज तो घेतो आणि त्याचं नीतिमत्त्व, म्हणजे देवापुढे निर्दोष ठरणं, आणि जीवन तिला मिळतं. आता मला सांग, लग्नात नवऱ्याची मालमत्ता बायकोला मिळते ती तिच्या प्रेमाच्या क्वालिटीमुळे मिळते का, ती त्याची झाली म्हणून मिळते. विश्वास म्हणजे आपण देवाला दिलेली किंमत नव्हे, तो फक्त जोडतो. इफिस २:८-९ मध्ये पौल तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे म्हणतो आणि लगेच हे तुमच्यापासून नाही, देवाचं दान आहे असंही सांगून टाकतो, म्हणजे कुणी फुशारकी मारू नये.

आता एक असं उदाहरण सांगतो जे आपल्याच मातीतलं आहे आणि तुझ्या प्रश्नाला इतकं बरोबर बसतं की मी दृढीकरणाच्या वर्गात ते दरवर्षी घेतो. पंडिता रमाबाई. शाळेत सगळ्यांनी धडा वाचलेला असतो पण हा भाग धड्यात नसतो.

रमाबाईंचं लहानपण आईवडिलांबरोबर पायी तीर्थयात्रा करण्यात गेलं, शास्त्रं तोंडपाठ, पुढे दुष्काळात आईवडील गेले, कलकत्त्याला पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' पदव्या दिल्या, लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गेला. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावातल्या अँग्लिकन सिस्टर्सकडे, म्हणजे संन्यासिनींकडे, राहिल्या. लंडनमध्ये त्या सिस्टर्स ज्या बायकांना समाजाने टाकून दिलं होतं त्यांची कशी प्रेमाने सेवा करतात हे त्यांनी पाहिलं, असं का करता विचारलं, तेव्हा त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली गेली. मग नेहेम्या गोऱ्हे, जे स्वतः मराठी ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले विद्वान होते, त्यांचं लिखाण वाचून ख्रिस्ती धर्म खरा आहे हे बुद्धीला पटलं, आणि १८८३ च्या सप्टेंबरात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

म्हणजे बघ, माहिती होती, आणि ती तुझ्या माझ्यापेक्षा जास्त होती. मान्यता होती, आणि ती फुकटात आलेली नव्हती, त्यासाठी महाराष्ट्रातल्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं. पुढे अमेरिका केली, १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. सत्कर्मांची यादी करायला बसलो तर आपल्यापैकी कुणी त्यांच्या जवळपास जाणार नाही.

आणि त्याच रमाबाई १९०७ साली स्वतःची साक्ष लिहिताना सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण जो त्या धर्माचं जीवन आहे तो ख्रिस्त मिळाला नव्हता. त्या कुणाला दोष देत नाहीत, सुरुवातीपासून ख्रिस्त मला सांगितला गेलाच असणार, असं त्या म्हणतात. अडचण कुठे होती तेही त्या स्पष्ट लिहितात. पापाबद्दल वाईट वाटणं, ते सोडायचा निश्चय करणं आणि बाप्तिस्म्याचा विधी, एवढ्यानं काम होतं अशी त्यांची समजूत होती. म्हणजे भार सगळा स्वतःच्या पश्चात्तापावर, स्वतःच्या निश्चयावर आणि विधीवर. मग एका पाद्र्याची जीवनकथा त्यांच्या वाचनात आली, जो आधीच पाद्री होता आणि नंतर त्याचं खरं परिवर्तन झालं, आणि तिथून त्या शोधायला लागल्या. शेवटी पापाचं ओझं सहन होईना तेव्हा, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्या स्वतःच्या टोकाला पोचल्या, विनाअट तारणाऱ्याच्या स्वाधीन झाल्या, आणि माझ्यावर दया कर, तूच माझं नीतिमत्त्व आणि माझी सुटका हो असं त्याला मागितलं.

'तूच माझं नीतिमत्त्व हो.' या मागण्यात तारणारा विश्वास जसाच्या तसा दिसतो. १८८३ मध्ये आणि १८९१ मध्ये त्यांच्या मतांत फार फरक पडला होता असं नाही, बायबल तेच, मतांगीकार म्हणजे विश्वासाची कबुली तीच, येशू तोच. बदललं ते एवढंच की पाय कशावर रोवले आहेत.

आणि एक गोष्ट माझ्या मते फार महत्त्वाची आहे. शारदा सदन १८८९ चं. म्हणजे त्या स्वतः म्हणतात त्या दिवसाच्या आधीचं. त्यामुळे 'माझी कामं चांगली आहेत म्हणजे माझा विश्वास खरा' हे लॉजिक चालत नाही. आणि दुसरीकडे हेही बघ की १८९१ नंतर त्या शांत बसल्या नाहीत, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन मुली गोळा करून आणल्या, केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं केलं, मूळ हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली, १९२२ ला त्या गेल्या आणि ते बायबल १९२४ ला छापून आलं. कामं आधीही होती, नंतरही होती. आधी बहुतेक त्या कामांचा आधार वाटत असणार, नंतर आधाराची गरजच उरली नाही.

तू मला म्हणशील की म्हणजे मलाही असा एक दिवस, अशी एक वेळ पाहिजे का. नाही. इथे भरपूर लोक अडकतात. जॉन वेस्ली हा अँग्लिकन पाळक, मिशनरी म्हणून अमेरिकेत जॉर्जियाला जाताना १७३६ च्या जानेवारीत जहाज वादळात सापडलं, हा मरणाला घाबरला आणि शेजारी मोरेव्हियन पंथाचे जर्मन ख्रिस्ती लोक बायकापोरांसकट शांतपणे गीत गात होते. तो धक्का त्याच्या मनातून गेला नाही. दोन वर्षांनी, २४ मे १७३८ ला लंडनच्या आल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत कुणीतरी लूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचत होतं, आणि वेस्ली लिहितो की माझं अंतःकरण विलक्षण उबदार झालं, तारणासाठी मी ख्रिस्तावर, फक्त ख्रिस्तावर भरवसा ठेवतोय असं जाणवलं, आणि त्याने माझी, माझीही पापं दूर केली याची खात्री मिळाली. सगळे प्रचारक तो उबदारपणा उचलतात. मला विचारशील तर त्या वाक्यातला जीव 'माझीही' मध्ये आहे, हायडेलबर्गच्या प्रश्नोत्तरीत होता तोच. ऊब कुणाला येते कुणाला येत नाही. नवऱ्याच्या मरणानंतर हंबरडा फोडून प्रार्थना करणाऱ्या बाईला ती येईल, आणि तुझ्यासारखा जो आईच्या मांडीवर 'येशू माझा मेंढपाळ' शिकला त्याला कदाचित कधीच ठराविक तारखेला येणार नाही. तीमथ्याचं बघ, २ तीमथ्य १:५ मध्ये पौल म्हणतो की तुझ्यात जो निष्कपट विश्वास आहे तो आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. तारखेबिरखेचा काही उल्लेख नाही. आज तू जिवंत आहेस की नाही हे कळायला जन्मदाखला काढायला लागत नाही.

त्यामुळे कॅम्पमधल्या त्या रात्रीचं पोस्टमॉर्टेम करणं थांबव. हात मनापासून वर केला होता की मित्रांनी केला म्हणून, रडू खरं होतं की गिटारमुळे आलं, हे तू आता कधीच ठरवू शकणार नाहीस आणि ठरवायची गरजही नाही. ती प्रार्थना म्हणून तारण होत नाही, आणि ती नीट म्हणता आली नाही म्हणून हुकतही नाही. प्रेषितांच्या कृत्यांत आठव्या अध्यायात शिमोन जादूगार आहे, त्यानेही विश्वास धरला आणि बाप्तिस्मा घेतला असं लिहिलंय, आणि पाच-सहा वचनांत तो पवित्र आत्मा पैशाने विकत घ्यायला निघाला. पेत्र त्याला काय म्हणतो, तू पुन्हा हात वर कर असं नाही म्हणत. पश्चात्ताप कर आणि प्रभूला विनंती कर. आत्ता.

आता याकोबाचं आणि पौलाचं भांडण, जे खरं तर भांडण नाहीच. रोम ३:२८ म्हणतं माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो, याकोब २:२४ म्हणतो नुसत्या विश्वासाने नाही तर कर्मांनी. दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात, पण अब्राहामाच्या आयुष्यातला कुठला प्रसंग ते नीट बघ. अब्राहामाने विश्वास ठेवला आणि तो त्याला नीतिमत्त्व असा गणण्यात आला हे उत्पत्ति १५:६, तेव्हा इश्माएलही जन्मलेला नव्हता आणि इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा होता. इसहाकाला वेदीवर ठेवलं ते २२ व्या अध्यायात, आणि इसहाक जन्मला तेव्हा अब्राहाम १०० वर्षांचा. म्हणजे दोन प्रसंगांत चौदा वर्षांच्या वर अंतर आहे. पौल पहिल्या दिवसाबद्दल बोलतोय, देवाने ज्या दिवशी त्याला स्वीकारलं तेव्हा त्याच्या हातात काय होतं, काहीच नव्हतं. याकोब म्हणतोय की वर्षं गेल्यावर त्या विश्वासाला हात-पाय फुटलेले दिसले की नाही, दिसले. आणि मधल्या काळात काय झालं तेही वाच, हागारचं प्रकरण, गरारला सारेला बहीण म्हणून सांगितली, तेही दुसऱ्यांदा. देवाने मधेच हिशोब बदलला नाही. याकोबाला ज्यांचा राग येतोय ते लोक वेगळेच आहेत, उघड्या-उपाशी भावाला 'जा, ऊब घे, पोटभर जेव' म्हणून हात हलवत पाठवून देणारे. असा विश्वास त्याला मेलेला वाटतो आणि मलाही वाटतो.

धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने १५४७ मध्ये कॅथलिक मंडळीच्या ट्रेंट इथल्या परिषदेला उत्तर देताना हे एका वाक्यात बसवलं, की नीतिमान ठरवतो तो विश्वासच, पण जो विश्वास नीतिमान ठरवतो तो एकटा नसतो. तुझे वसई-गोव्याकडचे कॅथलिक मित्र याबाबत थोडं वेगळं सांगतील. ट्रेंटने त्याच १५४७ साली विश्वासाला तारणाची सुरुवात, पाया आणि मूळ म्हटलं, पण आशा आणि प्रीती जोडल्याशिवाय तो माणसाला ख्रिस्ताशी पूर्ण जोडत नाही असंही म्हटलं. फरक खरा आहे, तो झाकू नये. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी नीतिमान ठरण्याबद्दलच्या ज्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या तिच्यात दोघांनी मिळून हे कबूल केलंय की आपल्या कुठल्या लायकीमुळे नाही, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो आणि पवित्र आत्मा देऊन सत्कर्मांसाठी तयार करतो. मेथडिस्टही २००६ ला त्यात आले. त्यामुळे मित्राशी वाद घालायच्या आधी ते एकदा वाच.

उलट बाजूला अजून एक खड्डा आहे. स्कॉटलंडमध्ये १८ व्या शतकात रॉबर्ट सँडेमन म्हणून एक जण झाला, त्याचं म्हणणं तारणारा विश्वास म्हणजे सुवार्तेची सत्यं बुद्धीने मान्य करणं, बस्स, त्यात मन, इच्छा, प्रीती काही आणलं की ते कर्म झालं. हेतू वाईट नव्हता, कृपा निर्भेळ राहावी म्हणूनच. पण इंग्लंडमधल्या अँड्र्यू फुलर या बॅप्टिस्ट पाळकाने १८१० मध्ये त्याला सविस्तर उत्तर दिलं की असा विश्वास भुतांच्या विश्वासापेक्षा वेगळा राहत नाही, विश्वासात हृदयाचा होकार असतोच. हा फुलर म्हणजे ज्या बॅप्टिस्ट मिशनने विल्यम कॅरीला भारतात पाठवलं त्याचा सेक्रेटरी, आणि कॅरीने बंगालमधल्या सेरामपूरहून १८११ मध्ये मराठी नवा करार काढला, म्हणजे हा वाद आपल्यापासून वाटतो तेवढा लांब नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात हाच वाद पुन्हा पेटला, येशूला तारणारा म्हणून घेतलं आणि प्रभू म्हणून नाही घेतलं तर चालेल का. माझं मत स्पष्ट आहे, येशूचे असे दोन तुकडे करून एक घरी नेता येत नाही. पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा हे त्याने मार्क १:१५ मध्ये एकाच श्वासात सांगितलंय. पण म्हणून आधी आयुष्य सुधारून मग ये असंही कुणाला सांगू नये. वधस्तंभावरचा चोर बघ, त्याच्याकडे सुधारायला वेळच नव्हता, खिळलेल्या हातांनी काय करणार, तरी त्याने आपला दोष कबूल केला, शेजारच्याला दटावलं, आणि 'माझी आठवण ठेव' म्हणाला. श्वास होता तेवढ्यात विश्वासाचं फळ दिसलं.

हे सगळं ठीक, पण आपल्याकडे महाराष्ट्रात जो सगळ्यात जास्त गोंधळ बघतो तो वेगळाच आहे आणि त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. आपल्याकडे किती तरी लोक येशूकडे येतात ते आजारपणातून, कोर्टकचेरीतून, मूल होत नाही म्हणून. येऊ देत, तो कुणालाच परत पाठवत नाही. पण मग 'विश्वास' म्हणजे काम होईल अशी खात्री, असं समीकरण डोक्यात बसतं, नवस बोलल्यासारखं. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी आहेत. दहाही जण येशूला हाक मारतात, दहाही जण त्याच्या शब्दावर चालायला लागतात, दहाही जण बरे होतात. परत फिरून त्याच्या पायाशी येतो तो एकच, तोही शमरोनी, आणि त्यालाच येशू म्हणतो की तुझ्या विश्वासाने तुला तारलं आहे. नऊ जणांना बरं होणं मिळालं, दहाव्याला येशू मिळाला.

आणि याची दुसरी, फार क्रूर बाजू म्हणजे आजारी माणसाला तोंडावर सांगणं की तुझा विश्वास कमी पडला. मी हॉस्पिटलच्या वॉर्डात, शेवटच्या स्टेजच्या माणसांच्या उशाशी हे वाक्य ऐकलंय आणि त्या माणसाचा चेहरा काय होतो तेही बघितलंय. आधीच शरीर गेलेलं, त्यात देवानेही नापास केलं असं त्याला वाटतं. असं बोलणाऱ्याने २ तीमथ्य ४:२० वाचावं, पौल लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेताला ठेवून आलो. पौलाचा विश्वास कमी होता का? स्वतः पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, तीनदा विनंती करूनही निघाला नाही, उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे. तारणारा विश्वास म्हणजे देव मला पाहिजे ते करेल ही खात्री नव्हे. जे व्हायचं ते होवो, मी त्याचा आहे आणि तो मला सोडणार नाही, असं म्हणून त्याला धरून राहणं तो विश्वास. आणि तो वॉर्डातल्या त्या माणसांत मला पुष्कळदा दिसलाय, सभेत मोठ्याने बोलणाऱ्यांपेक्षा जास्त.

विश्वास कमकुवत आहे म्हणून तो खोटा असं समजू नकोस. इंग्लंडमधल्या प्रोटेस्टंट पाळकांनी १६४६ मध्ये तयार केलेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रकात १४ वा अध्याय फक्त तारणाऱ्या विश्वासावर आहे, त्यात त्याची मुख्य कामं तीन सांगितली आहेत, ख्रिस्ताला मान्य करणं, त्याला स्वीकारणं आणि फक्त त्याच्यावर विसावणं, आणि पुढे लगेच लिहिलंय की हा विश्वास कमीजास्त असतो, कमकुवत किंवा बळकट, त्याच्यावर हल्ले होतात. १८ व्या अध्यायात तर असंही आहे की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही खात्री मिळायला खूप वाट बघायला लागू शकते. मार्क ९ मधला बाप आठव, 'मी विश्वास धरतो, माझा अविश्वास घालवून टाका', अर्धं वाक्य विश्वासाचं अर्धं अविश्वासाचं, आणि येशूने पोराला बरं केलं. गणना २१ मध्ये साप चावलेल्या इस्राएल लोकांना काय सांगितलं होतं, मोशेने खांबावर लावलेल्या पितळी सापाकडे बघ. किती टक लावून बघायचं, डोळ्याला चष्मा असेल तर काय, असं काही लिहिलेलं नाही. योहान ३:१४-१५ मध्ये येशू तेच स्वतःबद्दल सांगतो. सापाच्या विषाने अर्धमेला झालेला माणूस तंबूच्या दारातून धूसर बघत असला तरी जगला.

तुझा खरा प्रॉब्लेम मला वाटतो तो असा की तू येशूकडे बघायचं सोडून स्वतःच्या विश्वासाकडे बघतोयस, तो पुरेसा खोल आहे का, गरम आहे का, भुतांपेक्षा चांगला आहे का. आत बघून कुणालाच समाधान मिळालेलं मी पाहिलेलं नाही, कारण आत बघायला गेलं की जे दिसतं ते नेहमी अपुरंच असतं. तुला स्वतःला तपासायचंच असेल तर दोन साधे प्रश्न विचार. आज रात्री देवापुढे उभं राहावं लागलं आणि तुला आत का घ्यावं असं विचारलं तर तुझ्या तोंडून पहिलं नाव कुणाचं येईल, तुझं, तुझ्या घराण्याचं, की येशूचं? आणि ज्या पापाची तुला स्वतःला लाज वाटते ते लपवायला तू येशूपासून लांब पळतोस की ते घेऊन त्याच्याकडे जातोस? भूत पळतं. तू जर रडत-पडत, चारदा पडून पाचव्यांदा का होईना त्याच्याकडे जात असशील तर ते भुताचं लक्षण नाही. आणि समजा दोन्ही उत्तरं नको तशी आली, तरी काय बिघडलं, दार बंद झालेलं नाही, रमाबाईंनी बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी जे मागितलं ते तू आज मागू शकतोस, त्याच शब्दांत.

एवढं कर. पुढचे काही आठवडे याकोबाचं ते एकच वचन उगाळत बसू नकोस, योहानाचं शुभवर्तमान सुरुवातीपासून वाच, रोज एक अध्याय, आणि प्रत्येक अध्यायात येशूकडे कोण आलं आणि त्याने त्याचं काय केलं एवढंच बघ. सहाव्या अध्यायात ३७ व्या वचनावर थांब, जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही. मग त्याच्याशी बोल, पाठ केलेली प्रार्थना नको, साध्या मराठीत, जसं मला लिहिलंस तसं.

राहिला प्रभुभोजनाचा प्रश्न. १ करिंथ ११:२८ म्हणतं माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी, प्याल्यातून प्यावं. परीक्षा करून उठून जावं असं म्हणत नाही. कुठलं पाप जाणूनबुजून धरून ठेवलंयस आणि सोडायचंच नाहीये असं असेल तर आधी ते मिटव. तसं नसेल आणि फक्त माझा विश्वास पुरत नाही एवढीच भीती असेल, तर ते टेबल अशाच लोकांसाठी मांडलेलं आहे. या रविवारी जा, रांगेत उभा राहा, हात पुढे कर आणि घे. त्याआधी शनिवारी संध्याकाळी तुझ्या पाळकांना भेटून हे सगळं त्यांच्या कानावर घाल, त्यांना तू ओळखीचा आहेस, ते तुझ्याबरोबर बसून प्रार्थना करतील.